कोंबड्या रवणाला बसत नाहीत, यंत्रात पिल्ले निघत नाहीत: सोलापूरच्या हवेत घरच्या कोंबड्यांची घडी कशी बसवावी

मोहोळ तालुक्यातील एका गृहस्थांनी विचारलेल्या प्रश्नाला हे उत्तर आहे. घरात पाच माणसे आणि घरामागे दोन गुंठे मोकळी जागा आहे. गेल्या वर्षी मोटारसायकलवरून पिल्ले विकणाऱ्या माणसाकडून त्यांनी ‘गावरान’ म्हणून ३० पिल्ले घेतली आणि त्यांतली ११ जगली. त्यांतल्या सात माद्या आता भरपूर अंडी देतात, पण एकही खुडूक होत नाही, म्हणजे अंडी उबवायला (रवणाला) बसत नाही. म्हणून त्यांनी ५० अंड्यांचे उबवणी यंत्र आणले, एप्रिलमध्ये त्यात २४ अंडी लावली आणि तीनच पिल्ले निघाली. अंडी, मांस आणि पिल्ले या तिन्ही गोष्टी देणारी एक जात कोणती आणि यापेक्षा चांगले यंत्र कोणते, असे त्यांनी विचारले आहे.

मी अक्कलकोट तालुक्यात गेली अठरा वर्षे घरच्या घरी कोंबड्या पाळते आहे. माझ्याकडे चाळीस ते साठ पक्षी असतात. सुरुवातीचे सगळे शिक्षण सासूबाईंकडून झाले आणि पुढचे पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांकडून व स्वतःच्या चुकांमधून. त्या अनुभवावरून आधी स्पष्ट सांगते, की आपली अडचण ना जातीची आहे ना यंत्राची. एकाच कोंबडीकडून एकमेकींच्या विरोधातली दोन कामे आपण मागत आहात आणि तीही वर्षाच्या चुकीच्या महिन्यात.

अंडी देणे आणि रवणाला बसणे ही ती दोन कामे होत. कोंबडी खुडूक झाली, की तिचे अंडी देणे बंद पडते. एकवीस दिवस ती अंड्यांवर बसते आणि त्यानंतर दीड-दोन महिने पिल्लांमागे फिरते. गावरान कोंबडी वर्षाला साधारण ५० ते ७० अंडीच देते, त्याचे मोठे कारण हेच आहे. ज्यांनी जास्त अंड्यांच्या जाती तयार केल्या, त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या न बसणाऱ्या कोंबड्या निवडल्या. त्यामुळे भरपूर अंडी देणारी आणि वर्षातून दोन वेळा पिल्ले काढणारी अशी एकच कोंबडी शोधण्यात वेळ घालवू नये. आपल्या सात माद्या बसत नाहीत याचा अर्थ त्या गावरान नाहीत, सुधारित जातीच्या किंवा संकरित आहेत. त्या वाईट नाहीत. फक्त त्यांच्याकडून अंड्यांचीच अपेक्षा ठेवावी.

जातींविषयी थोडक्यात सांगते. वनराजा आणि ग्रामप्रिया या परसातील पालनासाठी हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेत तयार झालेल्या जाती आहेत. वनराजा मांस आणि अंडी अशा दुहेरी उपयोगाची, तर ग्रामप्रिया मुख्यतः अंड्यांची असून खाणेपिणे नीट असेल तर वर्षाला १५० च्या पुढे जाते. गिरिराजा बंगळूरची, अंगाने भारी. कडकनाथ मूळची मध्य प्रदेशातल्या झाबुआची. तिच्या मांसाला भाव मिळतो, पण घरच्या अंड्यांसाठी ती निवडण्याचे मला कारण दिसत नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात अंगाने भारी पक्षी आधी धापा टाकतो, म्हणून मी वजनापेक्षा हलक्या अंगाला महत्त्व देते. आपल्याकडे मोठे झाड किंवा धाब्याचे घर असेल तर माझ्यापेक्षा वेगळा निर्णयही योग्य ठरू शकेल.

माझी मांडणी अशी आहे: अंड्यांसाठी सुधारित माद्या, रवणासाठी तीन-चार अस्सल गावरान माद्या आणि दोघींसाठी एक चांगला गावरान कोंबडा. आठ ते दहा माद्यांमागे एक कोंबडा पुरतो. आपल्या घरापुरता हिशेब केला तर सात सुधारित माद्यांनी वर्षाला सरासरी १२० अंडी दिली तरी ८४० होतात, म्हणजे रोज दोनांहून थोडी अधिक. तीन गावरान माद्यांना हंगामात प्रत्येकी दोनदा बसवले आणि दर वेळी बारा अंडी दिली तर ७२ अंडी लागतात. त्यांतून पंचावन्नच्या आसपास पिल्ले निघतात आणि घार, मुंगूस, मांजर यांच्या तावडीतून चाळीस वाचली तर मी ते वर्ष चांगले मानते. चाळिसांतले निम्मे नर धरले, तर वर्षाला वीस कोंबडे आणि थकलेल्या चार-पाच माद्या खाण्यासाठी मिळतात, महिन्याला दोन. पाच माणसांच्या घराला हे पुरेसे आहे. आपल्या पत्रात महिन्याला किती पक्षी लागतात याचा उल्लेख नाही. गरज याहून जास्त असेल तर गावरान माद्या वाढवाव्यात.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. सुधारित जातीच्या कोंबड्या आणि कोंबडे एकत्र ठेवून त्यांचीच पिल्ले काढत गेल्यास पुढची पिढी आईसारखी निघत नाही. काही पिल्ले बरी, काही खुरटी आणि अंडी कमी, असा विस्कळीतपणा येतो. म्हणून अंड्यांच्या माद्या दोन-अडीच वर्षांनी खात्रीच्या ठिकाणाहून नव्याने आणाव्यात आणि घरच्या पिल्लावळीचा उपयोग मांसासाठी व गावरान माद्यांची जागा भरण्यासाठी करावा. पशुसंवर्धन विभागाच्या योजनेत आठ-दहा आठवड्यांच्या तलंगांचा, म्हणजे वाढीला लागलेल्या पिल्लांचा, जो गट देतात, त्यात २५ माद्यांमागे ३ नर असतात. तलंगा घेतल्या की नाजूक पहिले दोन महिने टळतात, त्यामुळे नवख्या माणसाला मी एक दिवसाच्या पिल्लांपेक्षा त्याच सुचवते. कोंबडा मात्र दरवर्षी दुसऱ्या गावातून बदलून आणावा. तोच कोंबडा आपल्याच मुलींवर आणि नातींवर राहिला, की तिसऱ्या-चौथ्या वर्षी अंड्यांतून पिल्ले निघण्याचे प्रमाण घसरते आणि पिल्ले अशक्त निघतात. जुना कोंबडा काढल्यानंतरही मादीच्या शरीरात त्याचे बीज दोन आठवडे टिकते, म्हणून नव्या कोंबड्याची पिल्ले हवी असल्यास तीन आठवडे थांबून मगच अंडी राखावीत.

आता यंत्राविषयी, कारण आपले पैसे तेथे गुंतले आहेत. एकवीस अंडी का फुटली नाहीत याची एप्रिलमधली कारणे मला दोन दिसतात. पहिले साठवणीचे. फलित अंड्यातला जीव साधारण २१ अंशांच्या खाली निवांत असतो. त्यावर, विशेषतः २७ अंशांच्या पुढे, त्याची अर्धवट वाढ सुरू होते आणि पुरेशी ऊब न मिळाल्याने तो मरतो. एप्रिलमध्ये आपल्याकडे घरात रात्रीसुद्धा हवा बराच वेळ सत्तावीस अंशांच्या पुढेच असते. चोवीस अंडी जमवायला आपल्याला सहा-सात दिवस लागले असतील, म्हणजे पहिल्या दिवसाची अंडी यंत्रात जाण्यापूर्वीच बिघडली असणार.

दुसरे कारण यंत्र विकणारे सांगत नाहीत. घरगुती यंत्रात तापवण्याची सोय असते, थंड करण्याची नसते. अंड्यांना ३७.५ अंश लागतात. खोलीच ४० अंशांवर गेली, तर यंत्र आपला बल्ब बंद करते, पण आतली हवा खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. वैशाखातल्या दुपारी तीन-चार तास अंडी अशी भाजून निघतात आणि अंशाच्या आकड्यात अडीचचाच फरक दिसत असला तरी गर्भाला तो सोसत नाही. आपण दुप्पट किमतीचे यंत्र आणले असते तरी त्या खोलीत तोच परिणाम झाला असता.

त्यामुळे सोलापूर जिल्ह्यात पिल्ले काढण्याचा काळ मी दसरा ते माघ असा धरते. सासूबाईंचा ठोकताळा होता, की दसऱ्याला बसवलेली कोंबडी पाडव्याला पिल्ले देते, आणि दसरा ते दिवाळीचा पाडवा मोजला तर बरोबर एकवीस दिवस भरतात. पाऊस ओसरलेला असतो, किडे मुबलक असतात, पिल्लांना अंगणात कोवळे ऊन मिळते आणि होळीपर्यंत ती चार महिन्यांची होऊन उन्हाळ्याला तोंड देण्याजोगी होतात. दुसरी रवण संक्रांतीच्या सुमारास बसवावी. त्यानंतर फुटणारी पिल्ले लहानपणीच उन्हात सापडतात. पावसाळ्यातही पिल्ले निघतात, पण ओल्या जमिनीवर रक्ती हगवण इतकी पसरते, की मी तो खटाटोप सोडून दिला आहे.

अंडी राखण्याची माझी पद्धत सविस्तर सांगते, कारण अर्धे यश त्यातच आहे. एका रुंद घमेल्यात वाळू भरून ती ओली करते, त्यात मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरते आणि मडक्याच्या तळाशी कोरडा भुसा घालून अंडी निमुळते टोक खाली करून ठेवते. वर ओलसर, पण न ठिबकणारे फडके बांधते. आपली हवा कोरडी असल्यामुळे वाळूतले पाणी झपाट्याने उडते आणि मडके गार राहते. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलने तारीख लिहिते. सात दिवसांपेक्षा जुने अंडे रवणाला घालत नाही, ते स्वयंपाकघरात जाते. अंडे धूत नाही, कारण धुतल्याने कवचावरचे नैसर्गिक आवरण जाते आणि जंतू आत शिरतात. मध्यम आकाराची, स्वच्छ, सारख्या कवचाची अंडी निवडते. फ्रिजमधली अंडी खाण्यासाठी उत्तम, पण उबवण्यासाठी ती फार गार होतात.

कोंबडी खरोखर खुडूक झाली आहे का, हे हाताने कळते. ती घरट्यातून उठत नाही, पंख फुलवते, हात घातला तर खुरखुरते आणि टोचते. पोटाखाली हात नेला तर पिसे विरळ होऊन कातडी उघडी पडलेली आणि चांगली गरम लागते. तरीही मी तिला पहिले दोन दिवस खोट्या अंड्यांवर बसवते. दुसऱ्या रात्रीही ती जागची हलली नाही, तर अंधार पडल्यावर खरी अंडी हळूच खाली सारते. बांबूच्या टोपलीत खाली माती, त्यावर राख आणि वर उसाचे कोरडे पाचट असा थर असतो. राखेमुळे उवा कमी होतात. टोपली घराच्या सर्वांत गार आणि अंधाऱ्या कोपऱ्यात असावी आणि त्या कोंबडीला इतर माद्यांचा त्रास होऊ नये. रोज एकदा तिला उठवून दाणापाणी द्यावे आणि वीस मिनिटे धुळीत लोळू द्यावे. बसलेली कोंबडी हट्टाने उपाशी राहते आणि एखादी टोपलीतच मरते, हे मी पाहिले आहे.

सातव्या रात्री अंधाऱ्या खोलीत बॅटरीच्या उजेडावर अंडी पाहावीत. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा आणि मध्ये काळा ठिपका दिसला तर जीव वाढतो आहे. अंडे नुसते पिवळे, स्वच्छ दिसले तर ते वांझ आहे. अशी अंडी जास्त निघाली तर दोष कोंबड्यात शोधावा. शिरा नसून रक्ताची एक गोल कडी दिसली तर जीव धरला होता, पण सुरुवातीलाच मेला. हा दोष बहुधा साठवणीचा किंवा उष्णतेचा असतो. एकविसाव्या दिवशी पूर्ण वाढलेले पिल्लू कवचातच मेलेले आढळले, तर शेवटच्या दिवसांतली कोरडी हवा किंवा वीज जाण्याने झालेला तापमानाचा चढउतार हे कारण पाहावे. न फुटलेले अंडे फेकण्यापूर्वी लांब नेऊन फोडून पाहणे किळसवाणे असले तरी आवश्यक आहे.

पिल्ले कोंबडीबरोबर असतील तर ऊब तीच देते. यंत्रातली किंवा विकतची पिल्ले असतील तर पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश ऊब द्यावी आणि पुढे दर आठवड्याला तीन अंश कमी करत जावे. थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे पाहावे: बल्बखाली गोळा होऊन चिवचिवत असतील तर थंडी वाजते आहे, भिंतीला चिकटून चोची उघड्या ठेवत असतील तर उकडते आहे, सगळीकडे पसरून टिपत असतील तर ऊब बरोबर आहे. आपली १९ पिल्ले गेली त्यामागे यापेक्षा लसीकरणाचा अभाव असावा असा माझा कयास आहे, कारण आपण लसीचा उल्लेखच केलेला नाही.

मानमोडी, म्हणजेच राणीखेत, या रोगावर उपचार नाही. लस हाच एक उपाय आहे. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा या मानमोडीच्या लसीचा एक थेंब डोळ्यात, चौदाव्या दिवसाच्या सुमारास गंबोरो या रोगाची लस, अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा लासोटा, सहा-सात आठवड्यांनी देवीची लस आणि आठ ते दहा आठवड्यांच्या दरम्यान आर-टू-बी ही मानमोडीचीच लस टोचून घ्यावी. पाडव्याला फुटलेल्या पिल्लांची आर-टू-बी संक्रांतीला सोलापुरात भरणाऱ्या सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत उरकावी, असे मी मनात पक्के ठेवले आहे. आपल्या भागात कोणत्या रोगाचा जोर आहे त्यानुसार डॉक्टर यात बदल करतील, तो मान्य करावा. मात्र लस बर्फातच आणावी. माझ्या चौथ्या वर्षी मार्च महिन्यात मी सोलापुरातून लसीची बाटली साध्या पिशवीत एसटीने आणली, दोन तास ती उन्हात राहिली आणि तरीही टोचली. पंधरा दिवसांनी मानमोडी आली आणि पाच दिवसांत ४३ पक्षी गेले. माना पाठीकडे वळलेल्या, हिरवी हगवण, आणि मी लस दिली आहे म्हणून दोन दिवस दुसरेच औषध करत राहिले. लस २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे आणि विरघळवल्यावर दोन तासांत संपवली पाहिजे. बाटली शंभर किंवा त्याहून अधिक मात्रांची येते, त्यामुळे गल्लीतल्या चार-पाच घरांनी एकाच सकाळी मिळून लसीकरण करावे. शेजारच्या कोंबड्यांना लस नसेल तर आपल्याही पक्ष्यांना धोका राहतो.

खाद्यात आपल्याकडे सर्वांत सोपी ज्वारी. पण नुसत्या ज्वारीवर कोंबडी जगते, अंडी धरत नाही, कारण ज्वारीत प्रथिने दहा टक्क्यांच्या आसपास असतात आणि अंड्यावरच्या कोंबडीला सोळा टक्के तरी लागतात. दिवसभर मोकळी फिरणाऱ्या कोंबडीला मी ज्वारी-मक्याचा भरडा, तुरीची चुणी आणि थोडी पेंड मिळून पन्नास ग्रॅमच्या आसपास देते, निम्मे सकाळी आणि निम्मे संध्याकाळी. बाकी ती स्वतः टिपून आणते. शेंगपेंडेला बुरशीचा वास आला किंवा ती काळवंडली असेल तर ती गुरांनाही देऊ नये आणि कोंबड्यांना तर मुळीच नाही. त्या बुरशीचे विष यकृतावर जाते आणि पिल्ले त्याने लवकर मरतात. प्रथिनांसाठी वाळवी हा उत्तम आणि फुकटचा उपाय आहे: फुटक्या मडक्यात ओले शेण, जुने गोणपाट आणि पाचट भरून ते वाळवीच्या जागी रात्री उपडे ठेवावे आणि सकाळी उचलून पिल्लांपुढे झटकावे. एका कवचाला साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम लागते, म्हणून शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात कायम ठेवावा. ज्या कोंबडीला हवा तितका ती स्वतः खाते.

उन्हाळ्याविषयी मला सर्वाधिक कळकळ वाटते. कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते आणि श्वासावाटे उष्णता घालवते. त्या धापांमुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि कवच पातळ येते, म्हणून मे महिन्यात कवच हाताने दबले तर केवळ शिंपल्यांचा चुरा वाढवून भागत नाही. खुराड्याची लांब बाजू पूर्व-पश्चिम असावी, पत्र्यावर चुन्याचा हात द्यावा आणि वर तुराट्यांचा जाड थर टाकावा. पाणी मातीच्या भांड्यांतून दोन-तीन ठिकाणी सावलीत ठेवावे. दाणा उन्हापूर्वी आणि ऊन उतरल्यावरच द्यावा, कारण भरल्या पोटाची कोंबडी दुपारी जास्त तापते. जाळीला ओले गोणपाट बांधावे. पहिल्या पावसानंतर हवा दमट झाली, की ते काढून टाकावे, कारण मग त्याने गारवा न येता कोंदटपणा वाढतो.

याच कोरड्या उन्हाळ्यात भिंतीच्या फटींत कोंबड्यांचे गोचीड वाढतात. दिवसा ते दिसत नाहीत. रात्री बॅटरी घेऊन खुराड्यात गेल्यास बसण्याच्या काठीवर आणि पंखांखाली चपटे, करडे-तांबूस किडे आढळतात. कोंबडी विनाकारण वाळत चालली, तुरा फिकट झाला, तर आधी हे पाहावे. फटी चुन्यामातीने बुजवाव्यात. औषधाची फवारणी डॉक्टरांना विचारून, पक्षी बाहेर काढून करावी.

आता आपण काय करावे? या सात माद्या ठेवाव्यात. कोणती अंडी देते हे पाहायचे असल्यास मादी उचलून गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंची टोकदार हाडे चाचपावीत. त्यांच्यामध्ये दोन-तीन बोटे बसली तर ती देत आहे, एकच बोट कसेबसे बसले तर थांबली आहे. दसऱ्यापर्यंत यंत्र झाकून ठेवावे आणि त्या अवधीत छप्पर, लस आणि फटी यांकडे पाहावे. भाद्रपदापर्यंत ओळखीच्या घरातून, जिची आई बसलेली आपण किंवा त्यांनी पाहिली आहे, अशा तीन गावरान माद्या आणि दुसऱ्या गावचा एक कोंबडा आणावा. बाजारातून आणलेले पक्षी दोन आठवडे वेगळे डालून ठेवल्याशिवाय घरच्या कोंबड्यांत सोडू नयेत.

दसऱ्याला बारा अंडी गावरान मादीखाली आणि त्याच दिवसांतली बारा यंत्रात लावावीत. यंत्रात वेगळे थर्मामीटर ठेवावे, अंडी दिवसातून निदान तीन वेळा फिरवावीत, अठराव्या दिवशी फिरवणे थांबवून आत पाण्याची वाटी वाढवावी. सातव्या रात्री दोन्हींकडची अंडी बॅटरीवर पाहून वांझ किती आणि रक्ताची कडी असलेली किती, हे वेगवेगळे लिहून मला कळवावे. दोन्हींकडे वांझ जास्त निघाली तर कोंबडा बदलू. फक्त यंत्राकडची बिघडली असतील तर यंत्राची जागा आणि तापमान तपासू.